यांची आई कुठंय?

प्रति,
पिल्लांचं वाटप आणि लसीकरण यांच्या तारखा जिथे ठरतात, तिथल्या सर्व साहेबांना आणि मॅडमना,
पशुसंवर्धन खातं, महाराष्ट्र राज्य



मी अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कळसूबाईच्या रांगेखालच्या एका वाडीत राहते. घरी भाताची दोन खाचरं, तीन शेळ्या आणि अकरा कोंबड्या आहेत. सहा वर्षांपासून पशुसखीचं काम करते. बचत गटातल्या बायकांच्या शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, कोंबड्यांना लस द्यायची आणि काही बिघडलं तर डॉक्टर येईपर्यंत धीर द्यायचा, असं ते काम. धीर द्यायचं कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण जास्त वेळ त्यातच जातो.

या पत्रात मी नवीन अनुदान मागत नाही. एक तारीख बदलून मागते आहे. ती का मागते, हे समजायला मागच्या पौषातली एक रात्र सांगावी लागेल.

संध्याकाळी साडेसातला समाजमंदिरासमोर टेम्पो येऊन थांबला. आत पुठ्ठ्याची भोकं पाडलेली खोकी होती, एकेका खोक्यात एक दिवसाची शंभर पिल्लं आणि वाटेतल्या मरतुकीसाठी वर दोन. पाच बायकांची पाच खोकी. गाडी सकाळीच निघाली होती, पण आधी दोन गावं करून, घाट चढून येईपर्यंत अंधार पडला. ड्रायव्हरला बोल लावणार नाही, त्या पोराने स्वतःची शाल खोक्यांवर टाकली होती. सह्या झाल्या, फोटो झाले. फोटोत बायका हसताहेत, मीही हसते आहे. ती पिल्लं कोणत्या योजनेतली होती आणि कोणी पाठवली होती, हे मी मुद्दाम लिहीत नाही. एखाद्या कर्मचाऱ्याला नोटीस जावी म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही.

पिल्लं येणार हे आम्हाला कळलं त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास, फोनवर. ब्रूडर, म्हणजे पिल्लांची उबेची जागा, आदल्या दिवशी तयार करून जमीन तापवून ठेवायची असते, हे प्रशिक्षणात तुमच्याच डॉक्टरांनी आम्हाला शिकवलं. आमच्या हातात होती एक दुपार. गिरणीतून तुसाच्या गोण्या आणल्या, पत्रा गोल वाकवून त्याचं कडं केलं, तुसावर वर्तमानपत्रं अंथरली, गुळाचं पाणी केलं, मका भरडून ठेवला. बल्ब मात्र मिळेना. राजूरला तीन दुकानं पालथी घातली, सगळीकडे एलईडी. दुकानदार म्हणाला, "ताई, पिवळा दिवा आता कोण विकतो?" एलईडीने घर उजळतं, पण त्याला ऊब नाही, आणि पिल्लाला उजेडापेक्षा ऊब हवी असते. शेवटी गणपती मंडळाच्या पेटीतून शंभर वॅटचे दोन जुने बल्ब निघाले. पाच घरांना दोन. उरलेल्या तीन घरांनी चुलीच्या आसऱ्याने रात्र काढायची असं ठरलं.

माझ्या सासूबाईंनी खोक्याचं झाकण उचलून आत पाहिलं. शंभर पिवळे गोळे एका सुरात ओरडत होते. त्यांनी विचारलं, "यांची आई कुठंय?"

आम्ही हसलो. मशीनमधून निघालेल्या पिल्लांना कुठली आई, असं मीच म्हणाले. रात्री एकपर्यंत ते हसू पुरलं.

साहेब, कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास तापलेलं असतं. पिल्लाला मात्र पहिले दोन-तीन आठवडे स्वतःची ऊब स्वतः धरता येत नाही. अंगावर लव असते, पिसं नसतात. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती साधारण ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवत न्यायचं. माझ्याकडे प्रशिक्षणात मिळालेला थर्मामीटर आहे. त्या रात्री पडवीत त्यात नऊ दिसत होते. आमच्या घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीचा लिंपा. पावसाळ्यात लिंपा झडतो, दिवाळीत नवा देतो, तरी कुठेतरी बोटभर फट राहतेच, आणि वारं नेमकं तिथून येतं. नऊ आणि पस्तीस यांच्यामध्ये शंभर वॅटचा एक बल्ब टांगलेला होता. एकला दहा मिनिटं कमी असताना तो गेला.

वीज गेली. आमच्या शेजारी भंडारदऱ्याच्या पाण्यावर वीज तयार होते, ती कुठे जाते ते आम्हाला माहीत नाही. पौषातल्या रात्री आमच्याकडे ती नसते, एवढं माहीत आहे.

गारठलेल्या पिल्लांचा आवाज वेगळा असतो. सुखातलं पिल्लू बारीक, तुटक, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं करतं. थंडी लागलेलं पिल्लू उंच आवाजात एकसारखं ओरडतं. मग तो आवाज हळूहळू कमी होतो, आणि नवखी बाई नेमकी तिथे फसते. तिला वाटतं, निजली. प्रत्यक्षात ती कोपऱ्यात जाऊन एकमेकांवर चढलेली असतात, वरची पिल्लं खालच्यांत ऊब शोधतात आणि खालची गुदमरतात. मी हात घालून तो ढीग फोडत होते. दोन मिनिटांत पुन्हा ढीग. घमेल्यात निखारे आणले तर धूर झाला, पिल्लं शिंकायला लागली. मग निखाऱ्यांवर राख ओढून ते मडक्यात भरले, बाटल्यांत गरम पाणी भरून गोणपाटात गुंडाळल्या आणि मधोमध ठेवल्या. बाटली अर्ध्या तासात थंड होते. चुलीवरून कड्यापाशी आणि कड्यापाशीहून चुलीवर, पाचपर्यंत माझ्या खेपा चालू होत्या.

उजाडल्यावर मोजली. माझ्याकडची ३१ गेली होती. बल्ब नसलेल्या एका घरात ६८. शेजारच्या मामींना पत्र्याचं कडं बांधता आलं नव्हतं. त्यांनी वीस पिल्लं टोपलीत घेतली, टोपली मांडीवर, अंगावरून घोंगडी, आणि भिंतीला टेकून त्या रात्रभर बसून राहिल्या. त्यांची बाकीची बरीच मेली, पण ती वीसच्या वीस जगली.

आम्ही ओढ्याच्या कडेला खड्डा खणला, चुना टाकला आणि मेलेली पुरली. आठवड्याने मी डोळ्यांत लासोटा लसीचे थेंब टाकायला घरोघर फिरले. टेम्पोतून उतरलेल्या ५१० पिल्लांपैकी तेव्हा २८४ उरली होती. तुमच्याकडे पोचलेल्या कागदावर पाच लाभार्थी, पाचशे पिल्लं, वाटप पूर्ण असं असेल, आणि ते खोटंही नाही. वाटप पूर्णच झालं होतं.

पौषातच का, असं मी नंतर एकाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो." आमच्या वाडीत माझ्या देखत तीनदा पिल्लं वाटली गेली आणि तिन्ही वेळा ती डिसेंबर ते फेब्रुवारीत आली. ३१ मार्चची धास्ती मला समजते. बचत गटाचा हिशेब मीही ठेवते. पण मंजुरी, यादी, निधी आणि खरेदी या सगळ्यांना उशीर झाला तर चालतं, आणि त्या उशिराची किंमत एक दिवसाच्या पिल्लाने नऊ अंशांत भरायची, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर सापडलं, तेही तुमच्याच कागदांत. परसातल्या कोंबड्यांच्या केंद्राच्या योजनेत मदर युनिट नावाची सोय होती. उबवणी केंद्रातून निघालेली पिल्लं थेट घरी पाठवायची नाहीत. आधी ती मदर युनिटमध्ये चार आठवडे वाढवायची, तिथे त्यांना ऊब आणि पहिल्या लसी द्यायच्या, आणि मग गरीब कुटुंबांना टप्प्याटप्प्याने वाटायची. म्हणजे कुणीतरी दिल्लीत बसून सासूबाईंच्याच चालीने विचार केला होता आणि आई कागदावर आणली होती. आमच्या वाडीपर्यंत मात्र पिल्लं आली, आई आली नाही.

राज्याच्या योजनेत दुसरीही वाट आहे. एक दिवसाच्या १०० पिल्लांच्या गटाबरोबर आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गटही अर्ध्या अनुदानावर मिळतो. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. तिच्या अंगावर पिसं भरलेली असतात, ती खुराड्यात दांडीवर बसते आणि नऊ अंशांत नुसतं अंग फुगवून रात्र काढते. यादी करताना मात्र आकडा पाहिला जातो, शंभर हे अठ्ठावीसपेक्षा जास्त दिसतात. आमच्या हिशेबात थंडीत दिलेल्या शंभर पिल्लांपेक्षा अठ्ठावीस पक्षी जास्त असतात. लाभार्थी बाईलाच विचारून पाहा. पण तिला निवड दिली जात नाही. अर्ज भरतानाच चौकटीत खूण झालेली असते.

म्हणून माझी मागणी अशी. आमच्यासारख्या डोंगरी, थंड भागात दिवाळीपासून होळीपर्यंत एक दिवसाची पिल्लं घरोघर वाटू नका. पावसाचा जोर ओसरला की नवरात्राच्या आधी द्या, दिवाळीच्या थंडीपर्यंत ती पिसं धरतात. निधीच उशिरा आला तर त्या पैशांत तलंगा द्या. तेही जमत नसेल तर दोन-तीन गावांत मिळून एका गटाकडे गॅसचा ब्रूडर आणि पडदे लावलेली खोली उभी करा आणि पिल्लं आधी तिथे उतरवा. गॅसच्या ब्रूडरला वीज लागत नाही. कुक्कुटपालनाचा उद्योग उभारणाऱ्याला राष्ट्रीय पशुधन अभियानातून ५० टक्के, २५ लाखांपर्यंत भांडवली अनुदान मिळतं असं आम्हाला सांगितलं जातं. आमच्या गटाला तेवढा मोठा उद्योग करायचा नाही. पाचशे पिल्लं महिनाभर उबेत ठेवायची आहेत.

आणि टेम्पो येणार असेल तर दोन दिवस आधी कळवा. याला पैसा लागत नाही.

आता लसीचं सांगते. थंडी सुरू झाली की आमच्याकडे मानमोडीची भीती सुरू होते. तुमच्या पुस्तकात तिचं नाव राणीखेत, ते कुमाऊंच्या डोंगरातल्या एका थंड गावावरून पडलेलं. कोंबडी मान वेळावते, हिरवट-पांढरी हगते, पंख पाडून बसते, आणि आठवड्यात सगळी वाडी सुनी होते. पहाटे कोंबडा आरवला नाही की बायका एकमेकींना विचारतात, "तुमच्याकडं पण?" मानमोडीचा विषाणू गारव्यात बाहेर जास्त दिवस तग धरतो, आणि थंडीने खंगलेल्या पक्ष्याला तो लवकर गाठतो. यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तीच, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बीचं इंजेक्शन. लस महाग नाही. आपल्याच राज्यात, पुण्याला औंधच्या संस्थेत ती तयार होते. मग अडतं कुठे?

अडतं घड्याळापाशी. गावठी कोंबडी दिवसा हाती लागत नाही. सकाळी सातला खुराड्याचं दार उघडलं की ती उकिरड्यावर, खळ्यावर, शेजारच्या परसात, करवंदीच्या जाळीत. तुमचा माणूस दहा-साडेदहाला लसीचा डबा घेऊन येतो, तोवर वाडीत एकही कोंबडी जागेवर नसते. पोरं मागे धावतात, कोंबड्या कौलांवर चढतात, बारा वाजता माणूस कंटाळून जातो आणि अहवालात "पशुपालकांचा प्रतिसाद अल्प" असं पडतं. माझी पद्धत अशी: आदल्या रात्री घरोघर सांगून ठेवते, पहाटे पाचला बॅटरी घेऊन निघते, बायका खुराड्याचं दार अर्धं उघडून एकेक पक्षी हातात देतात. चाळीस पक्षी पाऊण तासात होतात. कोंबडीची कामाची वेळ पहाटेची आहे, हे तुमच्या वेळापत्रकात कुठेतरी लिहून ठेवा. डॉक्टरांनी पहाटे यावं असं मी म्हणत नाही. आमचे डॉक्टर चांगले आहेत, फोन उचलतात, पण त्यांच्याकडे इतकी गावं आहेत की त्यांची मोटरसायकल दवाखान्यापेक्षा रस्त्यावर जास्त असते. पशुसखी आहेत, त्यांच्या हातात आदल्या संध्याकाळी बर्फातली लस द्या.

दुसरी अडचण कुपीची. मला मिळते ती शंभर मात्रांची. पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. वाडीत घरं चौदा, एका घरी चार पक्षी, दुसऱ्या घरी नऊ. कशीबशी साठ-सत्तर होतात. मग "शंभर जमले की कळवा" असं उत्तर येतं. शंभर जमेपर्यंत मानमोडी येऊन जाते. छोटी कुपी काढणं औंधला अवघड असेल, तर कुपी वाया गेली तरी चालेल असं एका ओळीचं पत्र काढा. तीस मात्रा फेकल्याचं नुकसान एका कोंबडीच्या किमतीइतकंही नाही. उन्हात लवकर न बिघडणारी आय-टू नावाची लस ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी अशाच खेड्यांसाठी तयार केली आणि टांझानिया, मोझांबिकमध्ये बायका ती स्वतः डोळ्यात थेंब टाकून देतात, हे एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

थंडीत अंडी कमी होतात त्याबद्दल तक्रार नाही. कोंबडीला भरात अंडी घालायला चौदा तासांच्या वर उजेड लागतो आणि पौषात आमचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. पण ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि बाई कोंबडी "वांझोटी निघाली" म्हणून नेमकी डिसेंबरात विकून टाकते. फाल्गुनात दिवस मोठा झाला की तीच कोंबडी दुसऱ्याच्या परसात अंडी देते. एवढं जरी तुमच्या भिंतीवरच्या रंगीत तक्त्यात छापलं तरी पुष्कळ होईल. त्या तक्त्यांवर सध्या मोठ्या शेडचे पडदे आणि पंखे आहेत.

पडद्यावरून आठवलं. थंडीत खुराडं चारी बाजूंनी गोणपाटाने गच्च बांधा, असा सल्ला आमच्याकडे एकाने दिला होता. बायकांनी ऐकला. आठ दिवसांत कोंबड्यांचे डोळे पाणावले, नाकं वाहायला लागली. विष्ठेतून उठणाऱ्या अमोनियाची वाफ आत कोंडली होती. वरची वीतभर पट्टी मोकळी ठेवायची असते, वारा अंगावर येऊ द्यायचा नसतो पण हवा खेळू द्यायची असते. सासूबाई हे कधी शिकल्या नाहीत, पण त्यांचं खुराडं चुलीच्या भिंतीला लागून, तोंड पूर्वेला आणि वर दोन कौलं सरकवलेली. खाली राख आणि पेंढा, दर चार दिवसांनी नवा. खुडूक कोंबडी त्या थंडीतही अंड्यांवर बसवतात, पण स्वयंपाकघरात, डालग्यात. एकवीस दिवसांनी डझनभर पिल्लं निघतात आणि पंखांखाली शिरतात. वीज गेली काय, आली काय.

बर्ड फ्लूबद्दल थोडंच लिहिते, कारण देवाच्या दयेने तो अजून आमच्या खोऱ्यात आलेला नाही. देशातल्या कोंबड्यांत तो पहिल्यांदा सापडला नंदुरबारच्या नवापूरला, २००६ च्या फेब्रुवारीत. मग २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला, आणि त्याच हिवाळ्यात पुन्हा नवापूरला. २०२५ च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरला, आणि उदगीरला कावळे मेले. तारखा पाहा, सगळ्या हिवाळ्यातल्या. तरीही माहिती दर वेळी रोग आल्यावर येते, पीपीई किट घातलेल्या माणसांबरोबर. परसातली बाई कोंबडी मेली तर का सांगत नाही, हे एकदा ऐकून घ्या. भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही. २०२१ साली अंड्यावरच्या मोठ्या पक्ष्याला ९० रुपये ठरले होते. गावठी कोंबडी बाजारात तेव्हाही त्याच्या कितीतरी पट किमतीला जात होती. म्हणजे खरं सांगितलं तर तिचं नुकसान, लपवलं तर सगळ्यांचा धोका. गावठी पक्ष्याचा दर वेगळा लावा आणि तो कार्तिकातच गावोगाव सांगून ठेवा. मग पहिली कोंबडी मान टाकताच फोन येईल.

तुम्ही म्हणाल, अकरा कोंबड्यांचं इतकं काय घेऊन बसलात. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर मोजल्या गेल्या, २०१२ पेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त. मोठ्या शेडमधले पक्षी त्याच काळात पाच टक्केही वाढले नाहीत. ही वाढ कोणी केली? कारवीच्या कुडात राहणाऱ्या बायकांनी केली. २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने पशुपालनाला शेतीसारखा दर्जा दिला, वीजही शेतीच्या दराने द्यायचं ठरवलं. चांगलं झालं. माझ्या खुराड्यात एकच बल्ब आहे, आणि अडचण त्याच्या बिलाची कधीच नव्हती. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही सगळ्या पेढे वाटत फिरलो होतो. राजूरला हिवाळ्यात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, वळूंना फेटे बांधतात, तेही बघायला जातो. गावरान कोंबडीला कुणी फेटा बांधावा असं मी म्हणत नाही. तिच्यावर पोराची परीक्षा फी, दवाखान्याचं एसटीचं भाडं आणि पाहुण्यांचं कालवण चालतं. ती विकायला नवऱ्याला विचारावं लागत नाही. आमच्याकडे बाईच्या हक्काची म्हणून धरलेली तीच एक चीज आहे, आणि ती मेली की पंचनामा होत नाही.

मागच्या पौषातल्या त्या २८४ पिल्लांतून पुढे १७० पक्षी मोठे झाले. आषाढात पहिली अंडी यायला लागली तेव्हा मामींच्या टोपलीतल्या विसांपैकी सोळा जिवंत होते. त्यातला एक कोंबडा त्यांनी जत्रेला विकला आणि नातीच्या पायातले चांदीचे वाळे सोडवून आणले. हे मी तुम्हाला खूश करायला सांगत नाही. योजना वाईट नाही हे सांगते आहे. पाचशे जगली असती तर वाडीचं वर्ष कसं गेलं असतं, याचा हिशेब तुमच्याकडचा हुशार माणूस पाच मिनिटांत करील.

तेव्हा साहेब, आमच्या तालुक्याला, अकराणी-धडगावच्या डोंगराला, जिथे जिथे थंडीत दव गोठतं तिथे पिल्लांच्या वाटपाची वेगळी तारीख लावा. निफाडला पारा खाली गेला की द्राक्षांच्या बागांसाठी सल्ले निघतात, बागेत रात्री शेकोट्या पेटवा म्हणतात. तेवढाच एक कागद पिल्लांसाठी काढा.

या वर्षाची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली आहे. आमच्या वाडीतली सात नावं आहेत. पिल्लं कधी येणार ते लिहिलेलं नाही. काल मी संगमनेरहून शंभर वॅटचे चार पिवळे बल्ब आणून ठेवले.

आपली नम्र,
एक पशुसखी
ता. अकोले, जि. अहिल्यानगर